बैलांनी गडावर चढवलेली नाईल

गिझाच्या पिरॅमिडांजवळचं नवं भव्य संग्रहालय नोव्हेंबर २०२५मध्ये उघडलं आणि इजिप्त पुन्हा बातम्यांत आलं. कैरोला जाणारा माणूस पिरॅमिड पाहतो, संग्रहालय पाहतो, सलाहुद्दीनचा किल्ला पाहतो, जुन्या कैरोत हिंडतो. या फिरण्यात बसच्या खिडकीतून एक लांबच लांब दगडी भिंत दिसते. टोकदार कमानी एकामागून एक, जवळजवळ तीन किलोमीटर. ‘ही किल्ल्याला पाणी नेणारी भिंत’ एवढं कानावर पडतं, तोवर बस पुढे गेलेली असते.

पण ज्याला जरा विचार करायची सवय आहे, त्याला एक प्रश्न छळतोच. किल्ला टेकडीवर आणि नदी खाली. पाणी तर उताराकडे धावतं. मग भिंत कितीही सुंदर बांधली, तरी नाईलचं पाणी किल्ल्यावर पोचलं कसं?

याचं उत्तर कमानींत सापडत नाही. ते भिंतीच्या पश्चिम टोकाला, नदीकाठी, फुम्म अल-खलीग नावाच्या भागात उभं आहे. सहा बाजूंचा, किल्ल्यासारखाच दिसणारा एक अवाढव्य दगडी बुरूज. इजिप्तचा त्या वेळचा सुलतान अल-घुरी यानं तो १५०५ ते १५०८ या काळात बांधून घेतला. १८७२ सालापर्यंत ही व्यवस्था चालू होती, पुढे ती अनेक दशकं दुर्लक्षित राहिली आणि अलीकडच्या काळात तिची डागडुजी झाली. लोक कमानींचे फोटो काढतात. माझ्या मते या सगळ्या रचनेतली खरी करामत त्या बुरुजात आहे, आणि हा लेख त्याच्यासाठीच आहे.

आधी किल्ला, मग तहान

मोकत्तम नावाच्या चुनखडीच्या डोंगराचा एक सुटा उंचवटा कैरो शहराच्या पूर्वेला आहे. इजिप्तचा बाराव्या शतकातला सुलतान सलाहुद्दीन यानं ११७६मध्ये तिथे किल्ल्याचं काम सुरू केलं. जागा लढाईच्या दृष्टीनं उत्तम होती. सगळं शहर नजरेच्या टप्प्यात, मागे डोंगर. पाण्याच्या दृष्टीनं मात्र तितकीच वाईट.

आपल्याकडचा वाचक इथे लगेच विचारील, की गडावर टाकी खोदून पावसाचं पाणी का साठवलं नाही? रायगडावर गंगासागर आहे, शिवनेरीवर टाकी आहेत, सह्याद्रीतल्या जवळपास प्रत्येक गडावर खडकात कोरलेली पाण्याची सोय आहे. पण त्या सोयीमागे चार महिन्यांचा मुसळधार पाऊस उभा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कैरोत वर्षभरात साधारण पंचवीस मिलिमीटर पडतो, म्हणजे इंचभर. तिथे टाकं खोदलं तर त्यात साठवायला आधी कुठून तरी पाणी आणावं लागतं.

दुसरा मार्ग विहिरीचा. सलाहुद्दीनच्या माणसांनी तो चोखाळला. बहाउद्दीन कराकूश या सरदाराच्या देखरेखीखाली किल्ल्यात थेट खडक फोडून सुमारे ९० मीटर खोल विहीर खणली गेली. सलाहुद्दीनचं मूळ नाव यूसुफ, म्हणून ती ‘बीर यूसुफ’. ती आजही आहे. विहिरीच्या पोकळीभोवती खडकातच गोल फिरत खाली जाणारी उतरती वाट कोरली आहे, कारण अर्ध्या खोलीवर बैलांना नेऊन उभं करायचं होतं. खालच्या रहाटानं पाणी मध्यापर्यंत आणायचं आणि वरच्या रहाटानं तिथून माथ्यावर.

एकाच रहाटानं ९० मीटर का उचललं नाही? कारण रहाटाची माळ जितकी लांब, तितकं तिचं स्वतःचं ओझं जास्त. ९० मीटरसाठी खाली-वर मिळून जवळजवळ १८० मीटर भिजलेला दोर आणि त्यावरची मडकी एकाच चाकाला लटकली असती. आस दाबला जातो, घर्षण वाढतं, दोर तुटतो. दोन टप्पे केले की प्रत्येक टप्प्याला निम्मं ओझं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

विहीर झाली, पण तिचं पाणी मचूळ निघालं असं मध्ययुगीन इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. शिवाय एवढ्या खोलीवरून जे पाणी येई, ते वेढा पडल्यावर शिबंदीला जगवायला ठीक होतं. राजधानी चालवायला अपुरं होतं. आणि कैरोचा हा किल्ला नुसता किल्ला राहिला नाही. पुढची जवळजवळ सातशे वर्षं इजिप्तचे राज्यकर्ते इथूनच कारभार पाहत होते. राजवाडे, मशिदी, हमामखाने, बागा, हजारो माणसं आणि त्यांचे घोडे असं एक गावच वर वसलं होतं. त्याला रोज गोड पाणी हवं होतं, आणि परिसरात गोड्या पाण्याचा साठा एकच, नाईल.

तीन कामं, तीन वेगळ्या जागा

पाणी किल्ल्यावर नेण्याच्या या व्यवस्थेत तीन कामं होती. आपल्या सोसायटीतल्या इमारतीत ती रोज घडतात. पाणी खालच्या टाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि मग गच्चीवरून ते आपोआप सगळ्या नळांना उतरतं. विजेचं बिल पंपाचं येतं, नळाचं येत नाही. आणि इमारत चाळीस मजली असली तर मध्ये एखाद्या मजल्यावर आणखी एक टाकी आणि आणखी एक पंप बसवावा लागतो.

कैरोत खालची टाकी म्हणजे बुरुजाच्या पायाशी नाईलचं पाणी आत घेणारा कालवा आणि विहीर. पंप म्हणजे बुरुजाच्या माथ्यावरचे सहा रहाट. उतरता नळ म्हणजे ती कमानींची लांब भिंत. तिच्या डोक्यावरून एक उघडा पाट जातो. अशा उंचावरून पाणी वाहून नेणाऱ्या बांधकामाला जलसेतू म्हणतात. आणि मधला पंप? तो किल्ल्याच्या पायथ्याशी होता. जलसेतूनं आणलेलं पाणी तिथे पुन्हा रहाटांनी टप्प्याटप्प्यानं वरच्या पातळीवर चढवलं जाई.

म्हणजे कमानींची भिंत पाणी वर नेतच नाही. ती ते फक्त पूर्वेकडे सरकवते, आणि तेही किंचित खाली उतरवत. चढवण्याचं सगळं काम दोन टोकांना होतं.

हे एकदा समजलं की भिंत एवढी उंच का, याचाही उलगडा होतो. बुरुजानं कष्टानं कमावलेली उंची वाटेत गमवायची नसेल, तर पाट त्याच पातळीवर राहायला हवा. खालची जमीन कुठे खोल, कुठे उथळ असो. त्यासाठी भरीव भिंत घातली असती तर दगड कितीतरी जास्त लागला असता आणि शहराच्या दक्षिण भागाचे दोन तुकडे झाले असते. कमानींमुळे दगड वाचला आणि रस्ते, माणसं, जनावरं खालून जात राहिली.

उतार ठरवणं हेही नाजूक काम. पाट फार उतरता ठेवला तर किल्ल्याशी पोचेपर्यंत उंची संपते आणि पुढच्या रहाटांना तेवढं जास्त ओढावं लागतं. अगदी सपाट ठेवला तर नाईलच्या पाण्यातला गाळ पाटातच बसतो. एक हिशेब करून पाहू. दर हजार मीटरला एक मीटर उतार धरला तर तीन किलोमीटरमध्ये तीन मीटर उंची जाते. हे तीन मीटर बैलांनी आधीच चढवलेले असतात.

बुरुजाच्या डोक्यावर बैल कशाला?

आता रहाटाकडे येऊ. अष्टागरातल्या, म्हणजे चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी, अलिबाग या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना तो समजावून सांगायची गरज नाही. तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या रहाटानं पाणी दिलं आहे. पण ज्यांनी तो फिरताना पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

बैल गोल फिरतो. त्याच्या जुवाला जोडलेल्या आडव्या दांड्यानं मधला उभा खांब फिरतो. त्या खांबावर एक आडवं दातेरी चाक असतं. त्याचे दाते दुसऱ्या उभ्या दातेरी चाकात अडकतात आणि बैलाचं आडवं फिरणं उभ्या फिरण्यात बदलतं. या उभ्या चाकाच्याच आसावर विहिरीच्या तोंडाशी आणखी एक मोठं चाक असतं आणि त्यावरून मडक्यांची माळ खाली पाण्यात सोडलेली असते. मडकी खाली बुडतात, भरून वर येतात, चाकाच्या माथ्यावर उलटी होऊन पन्हाळीत रिकामी होतात आणि पालथी पुन्हा खाली जातात. चाक उलटं फिरू नये म्हणून दात्यांत अडकणारी एक खुट्टी असते. बैल थांबला तरी भरलेल्या मडक्यांच्या वजनानं माळ मागे घसरत नाही.

यात एक सुंदर गोष्ट आहे. माळेची एक बाजू वर येते आणि दुसरी खाली जाते, त्यामुळे मडक्यांचं आणि दोराचं वजन दोन्ही बाजूंना सारखं राहून एकमेकांना तोलतं. बैलाला फक्त पाण्याचं वजन आणि घर्षण एवढंच ओढावं लागतं. मोटेत असं होत नाही. तिथे बैल धावेवरून उतरताना मोट वर येते आणि परत मागे येताना काही काम होत नाही. रहाट अखंड पाणी देतो. तीन किलोमीटरचा पाट भरता ठेवायचा तर अखंड धारच हवी.

माळ ओढणारं चाक नेहमी वर, पाणी रिकामं करण्याच्या जागी असतं. बैलाची शक्ती त्या चाकाला द्यायची, तर बैलही तिथेच हवा. म्हणून कैरोच्या बुरुजात बैल माथ्यावर होते. त्यांना वर न्यायला चढणीची रुंद वाट होती. त्या उंचीवर सहा रहाट, प्रत्येकाचं बैलांच्या फेऱ्यांचं वेगळं रिंगण, मध्ये पाणी एकत्र करणारं कुंड आणि तिथून निघणारा पाट, असा सगळा संसार गच्चीवर मांडलेला होता. बुरूज इतका प्रचंड आणि भक्कम का, हे त्यावरून कळतं. शत्रूला भिववायला तो तसा बांधलेला नव्हता. डोक्यावर फिरणारे बैल, भरलेली कुंडं, लाकडी यंत्रं आणि त्यांचे सततचे हादरे त्याला पेलायचे होते. आणि सहा रहाटांना सहा बाजू हा मेळही पाहण्यासारखा आहे.

किती पाणी येत असेल?

नेमक्या नोंदींऐवजी इथे भौतिकशास्त्राचा साधा हिशेब मांडतो. बैल बराच वेळ न थकता काम करतो तेव्हा साधारण ३०० वॅट शक्ती देतो असं धरू. लाकडी दाते, घर्षण, हिंदकळून सांडणारं पाणी यांत निम्मी वाया गेली असं समजू. उरले १५० वॅट. चढ २० मीटरचा धरला तर एक लिटर पाणी तेवढं चढवायला सुमारे १९६ जूल ऊर्जा लागते. म्हणजे एका बैलाकडून तासाला साधारण २७०० लिटर. प्रत्येक रहाटाला एक बैल धरून सहाही चालू असतील तर तासाला सोळा हजार लिटरच्या पुढे. दहा तासांत दीड लाखाहून जास्त. दुष्काळी गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला सोळा टँकर.

आकडा थोडाफार इकडे-तिकडे होईल, पण त्याचा आवाका खरा आहे. आणि त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. हे पाणी फुकटचं नव्हतं. एकच बैल दिवसभर फिरू शकत नाही, पाळ्या लावाव्या लागतात. सहा रहाटांना कितीतरी बैल, त्यांचा चारा, त्यांचं पाणी, हाकणारी माणसं, दाते झिजले की बदलणारे सुतार, मडकी फुटली की नवी देणारे कुंभार, दोर वळणारे. किल्ल्यातल्या कारंजात उडणाऱ्या पाण्यामागे रोज एवढं सगळं राबत होतं. खालच्या शहरातल्या सामान्य माणसाला याचा फारसा लाभ नव्हता, हेही सांगायला हवं. त्याच्यापर्यंत नाईल यायची ती उंट-गाढवांवर लादलेल्या पखालींतून आणि पाणक्यांच्या खांद्यांवरून.

नदीच्या प्रवाहानं चाक का फिरवलं नाही?

हा आक्षेप वाजवी आहे. सीरियात हमा शहरात ओरोंटीस नदीवर प्रवाहानंच फिरणारी प्रचंड लाकडी चाकं आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं सुमारे वीस मीटर व्यासाचं आहे. तिथे बैल लागत नाहीत. मग कैरोत का?

कारण नाईलची तऱ्हा वेगळी. इथिओपियाच्या डोंगरात उन्हाळी पाऊस कोसळला की कैरोत नदी चढायची आणि मग ओसरायची. पूर आणि उतार यांच्या पातळीत सात-आठ मीटरचा फरक पडत असे. या चढउतारावर सबंध देशाचं पीक आणि सारा अवलंबून होता, म्हणूनच बुरुजाच्या जवळ, रोदा बेटाच्या दक्षिण टोकाला नदीची पातळी मोजायचा खांब आहे. इसवी सन ८६१मध्ये बांधलेली ती वास्तू आजही पाहता येते. प्रवाहावर फिरणारं चाक एका ठरावीक पातळीला बसवलेलं असतं. पाणी आठ मीटर खाली गेलं की ते कोरडं पडतं, वर आलं की बुडतं. मडक्यांची माळ मात्र हवी तेवढी लांब करता येते. उन्हाळ्यात आणखी मडकी जोडायची, पुरात काढून टाकायची. एवढ्या लवचिकतेपुढे बैलांचा खर्च परवडला.

बंद नळ का घातला नाही, असंही कुणी विचारील. बंद नळातलं पाणी खाली उतरून पुन्हा वर चढतं हे खरं, पण उगमाच्या पातळीपेक्षा वर ते कधीच जात नाही. इथे उगमच खाली होता. आपल्याकडचं औरंगाबाद शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, मलिक अंबरच्या काळापासून नहरीचं पाणी प्यायलं. पाणचक्कीत ते उंच चढून खाली कोसळताना दिसतं. तिथे हे शक्य झालं कारण नहरीचा उगम डोंगरात, शहराच्या वर आहे. खुद्द निसर्गानंच ते पाणी आधी चढवून ठेवलं होतं. कैरोत ते काम बैलांना करावं लागलं.

वेढा पडला तर शत्रू भिंत फोडणार नाही का?

फोडेल. तीन किलोमीटरचा उघडा पाट सांभाळणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे हा जलसेतू युद्धासाठी होता असं समजणं चुकीचं ठरेल. युद्धासाठी बीर यूसुफ आणि किल्ल्यातल्या साठवणटाक्या होत्या. जलसेतू शांततेच्या काळातल्या राजधानीसाठी होता. दोन्ही व्यवस्था एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि म्हणूनच गोड पाण्याची सोय झाल्यावरही ती मचूळ विहीर कुणी बुजवली नाही.

एकाच सुलतानाचं काम नव्हे

अल-घुरीचं नाव वर आलं, पण सगळं श्रेय त्याचं नाही. किल्ल्याकडे नदीचं पाणी नेण्याची कल्पना सलाहुद्दीनच्या घराण्याइतकी जुनी आहे, आणि जलसेतूचा पूर्वेकडचा काही भाग त्या काळच्या नगरकोटाच्या आधारानं जातो. मोठं काम केलं ते मामलूक सुलतान अल-नासिर मुहम्मद यानं. मामलूक म्हणजे मूळचे विकत आणलेले, लढाईचं शिक्षण दिलेले गुलाम. १२५०पासून तेच इजिप्तचे धनी झाले होते. अल-नासिरनं १३१२च्या सुमारास नदीवर रहाट बसवून जलसेतू उभारला आणि १३४१मध्ये, मरणाआधी, तो आणखी वाढवायला घेतला.

मग दीडशे वर्षांनी पुन्हा बांधायची वेळ का आली? एक कारण झीज. दुसरं जास्त गमतीचं. मध्ययुगात नाईलचं पात्र कैरोपाशी हळूहळू पश्चिमेला सरकत गेलं. रहाट जिथे होते तिथून नदीच दूर गेली. पाणी घेण्याची जागा नदीच्या मागे-मागे पश्चिमेकडे न्यावी लागली. अल-घुरीचा बुरूज म्हणजे या पाठलागाचा शेवटचा मुक्काम. आज त्याच्या आणि नदीच्या मध्ये रहदारीचा रस्ता आहे.

या अल-घुरीचा आपल्या किनाऱ्याशी थेट संबंध आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. १५०५मध्ये त्यानं सुएझला आरमार बांधायला घेतलं, कारण मिरीच्या व्यापारातलं इजिप्तचं उत्पन्न पोर्तुगिजांनी हिंदी महासागरात तोडलं होतं. मार्च १५०८मध्ये अमीर हुसेनच्या हाताखालचं ते आरमार दीवच्या मलिक अयाजच्या गलबतांसह चौलच्या खाडीत पोर्तुगिजांना भिडलं. पोर्तुगीज हरले. त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा तिथेच मारला गेला. त्याचा सूड पुढच्या वर्षी दीवजवळ घेतला गेला आणि इजिप्तचं आरमार संपलं. खुद्द अल-घुरी १५१६मध्ये उस्मानी सुलतान सलीमशी लढताना मेला आणि राज्यही गेलं. बुरूज मात्र नव्या धन्यांसाठीही पाणी चढवत राहिला. १७९८मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा फ्रेंचांनी कमानी बुजवून या बांधकामाचा तटबंदीसारखा वापर केला.

शेवट युद्धानं झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कैरोत वाफेचे पंप आणि लोखंडी नळ आले. १८७२नंतर जलसेतू थांबला. पाठोपाठ १८७४मध्ये राज्यकर्त्यांनी किल्ला सोडून शहरातल्या आब्दीन राजवाड्यात मुक्काम हलवला.

डागडुजी म्हणजे नेमकं काय?

बंद पडलेल्या भिंतीच्या आसऱ्यानं शहर वाढलं. कातडी कमावण्याचे कारखाने तिला लागून होते. कचरा, सांडपाणी, धूर हे सगळं तिच्या पायाशी. गेल्या काही वर्षांत हे कारखाने शहराबाहेर रुबीकी इथे हलवले गेले आणि भिंतीलगतचा पट्टा मोकळा करून नव्यानं विकसित केला जाऊ लागला. भिंतीची आणि बुरुजाची दुरुस्ती २०००नंतर टप्प्याटप्प्यानं, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत झाली. ऐतिहासिक कैरो १९७९पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे या कामाकडे बाहेरचंही लक्ष असतं.

अशा दुरुस्तीत सगळ्यांत चिवट शत्रू असतो तो भूजल. चुनखडीचा दगड सच्छिद्र. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं, पृष्ठभागाशी येऊन उडून जातं आणि सोबत आणलेला क्षार मागे ठेवतं. क्षाराचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि आतून दाब देऊन दगडाचा पापुद्रा फोडतात. बाहेरून फक्त पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला तर पाणी अडतं, आणखी वर चढतं आणि वरचे धड दगडही खराब करतं. म्हणून जुन्या बांधकामात चुन्याचाच माल वापरायचा असतो. तो ओल बाहेर जाऊ देतो आणि दगडाआधी स्वतः झिजतो. आपल्याकडच्या गडांवरही सिमेंट थापलेले बुरूज पाहिले की जीव कळवळतो तो याचसाठी.

नुसत्या भिंती उभ्या करून काय साधलं?

इथे मला ठाम मत आहे. बुरूज स्वच्छ झाला, दगड सांधले, प्रकाशयोजना झाली, तरी तिथे जाणाऱ्याला ती जागा किल्ल्याचा एखादा तुकडा वाटण्याचा धोका राहतो. कारण यंत्र लाकडाचं होतं आणि ते गेलं आहे. दगड उरला तो यंत्राचा ओटा. रहाट नसलेला हा बुरूज पाहून पाणी कसं चढलं ते कळणं कठीण आहे.

उपाय अशक्य नाही. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावरच्या कॅरिसब्रूक किल्ल्यात विहिरीवरचं घर आणि १५८७ सालचं लाकडी चाक जपून ठेवलं आहे. ते पायचाक आहे, आत चालणाऱ्या जनावराच्या पावलांनी फिरतं. किल्ल्याला आता त्या पाण्याची गरज नाही, पण पाहायला आलेल्यांसाठी गाढवं आजही थोडा वेळ चाक फिरवून दाखवतात आणि विहिरीतून पोहरा कसा येतो ते लहान मुलालाही कळतं. कैरोत सहापैकी एक रहाट जरी पुन्हा घडवला तरी पुरे. बैल चढवायचे नसतील तर छोटी मोटर लावावी. नदीशी जोडणी उरलेली नाही, म्हणून खाली एक टाकी ठेवून तेच पाणी फिरवावं. असं केल्यानं जुन्या दगडाला ओल लागण्याची भीती घातली जाईल, आणि ती भीती खरी आहे. पण पन्हाळ आणि कुंड वेगळं, भिंतीला न टेकणारं बांधता येतं.

घडवणारे हातही आहेत. इजिप्तमध्येच फायूम इथे पाण्याची लाकडी चाकं अजून फिरतात, आणि ती दुरुस्त करायची तर तसे सुतार लागतातच. अष्टागरात विजेचा पंप आल्यावर रहाट भराभर गेले. तिथल्या एखाद्या वाडीत विहिरीच्या काठी जुना आस किंवा दातेरी चाक पडलेलं दिसलं, तर ते सरपणात जाण्याआधी त्याची मापं घेऊन ठेवावीत, दाते किती, आस कुठल्या लाकडाचा, माळेचा दोर कशाचा हे म्हाताऱ्या वाडीवाल्याला विचारून लिहून घ्यावं. ज्या अल-घुरीनं चौलच्या खाडीत आरमार धाडलं, त्याच्या बुरुजावर काय फिरत होतं हे समजून घ्यायला तेवढी टिपणं उपयोगी पडतील.